धातू आणि आयन यांचा सांधा

धातूच्या तारेत वीज इलेक्ट्रॉनांच्या रूपाने वाहते, तर शरीरातील खारट द्रवात ती सोडियम, क्लोराइड यांसारख्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपाने वाहते. या दोन वहनांचा सांधा जिथे जुळतो ते धातूचे टोक म्हणजे विद्युतअग्र. 1791 मध्ये लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि स्नायूंचे आकुंचन प्राण्याच्या अंगच्या विजेमुळे होते असे मानले, तेव्हा आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी दोन भिन्न धातूंच्या स्पर्शाकडे बोट दाखवले. वादात दोघांच्याही पदरी काही सत्य होतेच. पण मोजण्यासाठी लावलेला धातू स्वतःची वीज मोजमापात मिसळतो, ही अडचण पुढील शतकभर संशोधकांना पुरली. एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी जस्त त्याच्याच क्षाराच्या द्रावणात ठेवून, ज्याच्या पृष्ठावर भार साचत नाही असे अध्रुवीय विद्युतअग्र वापरले, तर विलेम आइंटहोव्हेन यांच्या हृदयालेखासाठी रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेले अग्र त्वचेवर आजही उत्तम चालते, परंतु मेंदूत कायमचे बसवण्यास ते निरुपयोगी, कारण चांदी मेंदूच्या ऊतींना विषारी ठरते.

उद्दीपनाचा, म्हणजे बाहेरून वीज देऊन चेतापेशी जागवण्याचा, प्रश्न याहून बिकट होता. एकाच दिशेने प्रवाह सोडत राहिल्यास धातू झिजतो, पाण्याचे विघटन होते आणि भोवतालच्या पेशी मरतात. जॉन लिली व सहकाऱ्यांनी 1955 मध्ये प्रत्येक स्पंदामागोमाग तेवढ्याच भाराचा उलटा स्पंद देण्याची रीत मांडली. धातूला हात न लावता साधलेली ही सुधारणा कित्येक नव्या मिश्रधातूंपेक्षा मोलाची मानावी लागेल. प्लॅटिनम या कामी टिकाऊ ठरले, आणि 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जाइल्स ब्रिंडली व वॉलपोल लेविन यांनी एका अंध स्त्रीच्या दृष्टिकेंद्रावर प्लॅटिनमच्या 80 विद्युतअग्रांचा संच बसवला, तेव्हा तिला प्रकाशाचे ठिपके दिसले.

मात्र अग्र जितके बारीक, तितका त्याच्या अल्प पृष्ठावरून सुरक्षितपणे देता येणारा भार कमी. इरिडियम ऑक्साइडने ही मर्यादा रुंदावली, कारण त्याच्या थरातील इरिडियमचे अणू आपली संयुजा मागेपुढे बदलतात आणि त्यामुळे केवळ पृष्ठच नव्हे, तर थराची जाडीही भार देण्याघेण्यास उपयोगी पडते. नंतरच्या वाहक बहुवारिकांमध्ये इलेक्ट्रॉन आणि आयन दोघेही वाहतात. तरीही विद्युतअग्रे वाहणारी, मेंदूत रोवलेली सिलिकॉनची सुई मेंदूपेक्षा लक्षावधी पटींनी ताठर असते, आणि तिच्याभोवती मेंदूतील आधारपेशींचा वण जसजसा दाटतो तसतसे शेजारच्या चेतापेशींचे संकेत नोंदीत क्षीण होत जातात.