आमच्या लीगचा ताळेबंद

माझा मेहुणा केंटकीला असतो. केंटकी हे अमेरिकेतलं एक राज्य आहे, हे मलाही तो तिकडे गेल्यावरच कळलं. गेल्या दिवाळीत तो आला आणि चिवड्याचा तिसरा बकाणा भरता भरता त्याने आम्हाला किटी लीगची गोष्ट सांगायला घेतली. 'किटी' म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी कान टवकारले. त्यांना वाटलं, बायकांची भिशी. पण ही किटी निघाली बेसबॉलची! केंटकी, इलिनॉय आणि टेनेसी या तीन राज्यांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं लाडकं नाव. छोट्या छोट्या गावांचे संघ एकमेकांशी खेळायचे. त्यातला एखादा पोरगा नशिबाने मोठ्या शहराच्या संघात जायचा, बाकीचे परत दुकानात नाहीतर शेतावर. १९०३ साली ही लीग सुरू झाली, मध्ये मध्ये बंद पडली, पुन्हा उठली आणि १९५५ साली कायमची मिटली. टीव्हीवर मोठे सामने घरबसल्या दिसायला लागल्यावर गावचा सामना बघायला जातो कोण? १९४९ साली अमेरिकेत अशा लहान लीगा ५९ होत्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा गळाल्या.

"पण भाऊजी, लीग मेली तरी हिशेब जिवंत आहे," मेहुणा म्हणाला. "शंभर वर्षांपूर्वी कुठल्या गावच्या संघात कोण खेळत होतं, ते आजही सापडतं. १९७१ साली कूपर्सटाउनला सोळा माणसं जमली आणि त्यांनी बेसबॉलच्या इतिहासाचं संशोधन करणारी संस्थाच काढली. आहे का तुमच्या पेण-रोह्याकडे असं काही?"

आता मी पडलो बँकेतला कारकून. त्यातून बी.कॉम. पाच रुपयांचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत थांबलेला माणूस. माझ्या जिल्ह्याच्या हिशेबाबद्दल कुणी असं बोललेलं मला खपत नाही. मी ताडकन म्हणालो, "आमची कबड्डी आहे की!"

"मग तिचा इतिहास लिहा ना," सौभाग्यवती म्हणाल्या. नवऱ्याला रविवारी घराबाहेर काढण्याची संधी त्या सहसा सोडत नाहीत.

आमच्या या लीगला नाव नाही, कार्यालय नाही, घटना तर नाहीच नाही. आपण लीग आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नाही. पण भातकापणी उरकली, खळी रिकामी झाली आणि वालाच्या शेंगा पोपटीला लागल्या की तिचा हंगाम सुरू होतो. एका गावात स्पर्धा, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात. संघ बहुतेक तेच. कुणी हनुमानाच्या नावाचा, कुणी गावदेवीच्या, कुणी भैरवाच्या. पेणच्या खारेपाटातले संघ रोह्याकडे जातात, रोह्याचे नागोठण्यावरून इकडे येतात, आणि चैत्रातल्या जत्रा होईपर्यंत प्रत्येकाने प्रत्येकाला एकदा तरी मातीत घातलेलं असतं. यालाच अमेरिकेत लीग म्हणतात. आपल्याकडे 'शनिवारचा खेळ' म्हणतात.

शेताचा एक तुकडा साफ करायचा, माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि फक्की टाकून रेघा आखायच्या. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. झालं मैदान. बाकी सगळी जागा सत्काराला. सामना ऐन रंगात आला की हमखास कुणीतरी मान्यवर येतात, आणि मग सात-सात तगडे गडी घाम निथळत उभे राहून शाल-श्रीफळ कसं देतात ते बघत बसतात. रात्री दोन वाजता उपांत्य सामना सुरू होतो. अंतिम सामना पहाटे. तोवर बक्षिसाच्या प्रेशर कुकरवर दव पडलेलं असतं.

इतिहास म्हटला की मुळापासून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे खेळ होता हुतूतू. तो गावागणिक वेगळा, आणि नियम ज्याचा आवाज मोठा त्याचे. मग शहाण्या माणसांनी त्याला शिस्त लावायला घेतली. १९२३ साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून स्पर्धा भरवली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळापायी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी शिरली आणि आपण सुवर्णपदक घेऊन आलो.

पूर्वी खेळाच्या तीन पद्धती होत्या, आणि त्या मला बँकेत राहूनच नीट समजल्या. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. म्हणजे निलंबित. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. म्हणजे एकाची बदली झाल्याशिवाय दुसऱ्याला खुर्ची नाही. आणि अमर पद्धतीत माणूस कितीही वेळा बाद झाला तरी मैदान सोडत नाही, समोरच्याला नुसता गुण मिळतो. ही कायम नोकरी! पुढे नियम एकसारखे झाले ते संजीवनीच्या अंगाने. अमर पद्धत मैदानातून गेली. आमच्या शाखेत ती अजून चालू आहे.

इथवरचा इतिहास छापील आहे. अडचण पुढे आली. पेण आणि रोह्याच्या मधल्या गावांत कोण कधी जिंकलं, हे शोधायला मी वही घेऊन बाहेर पडलो. पहिल्या गावात मला चषकांचं कपाट दाखवलं. चाळीसेक चषक, पण पट्ट्या निखळलेल्या. राजाविना मुकुट मांडून ठेवावेत तसे. दुसऱ्या गावात जुनी हस्तपत्रकं मिळाली. त्यांवर वार होता, तिथी होती, 'क्रीडारसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' होतं. साल नव्हतं! ज्यांनी छापलं त्यांना ते चालू सालच वाटलं असणार. आणि गुणपत्रिका? "दुसऱ्या दिवशी त्यात शेंगदाणे बांधून दिले," असं एका जुन्या गुणलेखकानेच मला सांगितलं.

राहिली माणसांची आठवण. तिथे सालं वेगळ्याच पद्धतीने मोजतात. "कुलाब्याचा रायगड झाला त्या वर्षी", म्हणजे १९८१. "जांभूळपाड्याचा पूर आला त्याच्या आधल्या हंगामात", म्हणजे १९८९च्या जरा अलीकडे. "रोह्याला रेल्वे आली तेव्हा", म्हणजे १९८६. गुण मात्र कुणाचेच जुळत नाहीत. दरवेळी सांगताना जिंकणाऱ्याचे दोन वाढतात आणि हरणाऱ्याच्या पंचांची दृष्टी थोडी आणखी अधू होते.

आमच्या पेणच्या शाखेत एक शिपाईमामा होते. खारेपाटातले. उजवा गुडघा जिना चढताना कटकट वाजायचा. तो आवाज आला की आम्ही ओळखायचो, चेकबुकं वर आली. रेल्वे रोह्याला आली त्या हंगामात हे मामा वीस वर्षांचे होते आणि त्यांच्या गावाचे पहिले चढाईपटू. त्यांची गोष्ट आम्ही सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत निदान पन्नास वेळा ऐकली असेल.

अंतिम सामना, रोह्याकडच्या एका गावाशी. शेवटची चढाई, एका गुणाने मागे. मामा आत गेले, एकाला टिपलं आणि वळले तोच कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला. वर आणखी दोघे पडले. मामा तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आले, हात लांबवला... आणि पंचांची शिट्टी. बाद! दम आधी सुटला, असं पंच म्हणाले. मामा म्हणायचे, "बोटं टेकली होती साहेब. आपल्या अंगणात. दम होता माझा." बोटं टेकली असती तर तिघे बाद, तीन गुण, ढाल खारेपाटात. नाही टेकली, म्हणून रोह्यात.

ढालीचं एवढं काही नव्हतं. पण त्या सामन्याला एका कारखान्याचे साहेब आले होते. त्यांना कारखान्याच्या संघासाठी पोरं हवी होती. त्यांनी जिंकलेल्या संघातली दोन पोरं उचलली. मामांनी पुढे बारा वर्षं मिळेल ते काम केलं, मग रोजंदारीवर बँकेत लागले आणि कायम व्हायला आणखी कितीतरी वर्षं गेली. गावच्या खेळाचं प्रमाणपत्र नसतं. आज सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथेही कागद लागतो. मामांकडे कागद नव्हता, गुडघा होता.

मागच्या वर्षी माझी बदली रोह्याला झाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. त्यामुळे या गावात बँकेतला माणूस जरा जपूनच वागतो. तिथे एक निवृत्त काका मुदत ठेव मोडायला आले. सही करताना हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "कबड्डी. डावा कोपरा." मी वही काढली. त्यांनीही रेल्वेच्या सालापासूनच सुरुवात केली. मी पेन खाली ठेवलं. घोटा धरणारा गडी माझ्यासमोर बसला होता, आणि त्या कारखान्यात तीस वर्षं काढून मिळालेल्या पैशांची ठेव माझ्या हातात होती.

मी त्यांना मामांबद्दल सांगितलं. काका थोडा वेळ काउंटरवरच्या दोरीला बांधलेल्या पेनाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "टेकली होती बोटं. पंच त्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. माझं तोंडच त्याच्या हाताशी होतं, मला दिसलं."

"मग बोलला नाहीत?"

"घरात सात माणसं खाणारी होती साहेब," काका म्हणाले. "त्यानंतर मी कुठे खेळलो तरी तो समोर नको, एवढंच देवाला म्हणायचो."

आमच्याकडे जो फरक कुठेच बसत नाही, तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात. मी घरी येऊन वहीत तीन गुण सस्पेन्सला टाकले. रात्रभर झोप आली नाही. बी.कॉम.च्या कुठल्याच पुस्तकात ही नोंद कशी करायची ते दिलेलं नव्हतं. प्रो-कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हा लिलावात सर्वांत महागडा गडी १२ लाख ८० हजारांना गेला, आणि २०२३ साली हा आकडा दोन कोटी साठ लाखांवर पोचला. आमच्या कुठल्याही मुदत ठेवीला हा दर नाही. पण त्या पहाटेच्या तीन गुणांची किंमत त्यातल्या कुठल्या आकड्याने काढायची?

रविवारी काकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि पेण गाठलं. मामा ओटीवर बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी नाव सांगितलं नाही, नुसते म्हणाले, "बोटं टेकली होती." मामांनी मान हलवली. बराच वेळ कुणी बोललं नाही. आतून पोह्याचे पापड भाजल्याचा वास येत होता.

मग मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, वही आणलीय ना? लिहा मग. आमचे तीन गुण जमा. आणि चाळीस वर्षांचं व्याज किती होतं, ते काढा."

काका घाईघाईने म्हणाले, "चक्रवाढ नको हां, सरळ व्याज लावा."

त्यावरून दोघांची जी जुंपली, ती पापड संपेपर्यंत चालली. मी सस्पेन्स खातं बंद केलं, खाली तारीख घातली आणि पूर्ण साल लिहिलं. किटी लीगच्या इतिहासात असली नोंद आहे का, ते मेहुण्याला पत्राने विचारणार आहे.