सर्पगंधा, रुग्णशय्या आणि संमती : छिन्नमनस्कतेवरील औषधचाचण्यांचा एक इतिहास

प्रस्तावना

मुंबई-ठाणे परिसराच्या बोलीत 'ठाण्याला पाठवणे' या शब्दप्रयोगास एक विशेष अर्थ आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवावयाचे असले की ठाण्याचे नाव घेतले जाते. या थट्टेच्या मुळाशी १९०१ साली ठाण्यात सुरू झालेले आणि दीर्घकाळ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले गेलेले मनोरुग्णालय आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कुटुंबांना मात्र ही थट्टा परवडणारी नाही. घरातील तरुण मुलाला वा बहिणीला छिन्नमनस्कतेचा तीव्र झटका आला की लोकलने कल्याण ओलांडून ज्या सरकारी रुग्णालयाकडे वळावे लागते ते हेच. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधी रसायने तयार होतात. ती ज्या आजारांसाठी तयार होतात त्या आजारांचे रुग्णही याच गावांत राहतात. परंतु दाखल असलेल्या रुग्णावर नवे औषध प्रथम कोणी, कोणत्या अधिकाराने आणि त्याला विचारून की न विचारता वापरून पाहिले, या प्रश्नाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक धागा, म्हणजे सर्पगंधेचा, तपासला आहे.

मुळीपासून निबंधापर्यंत

सर्पगंधा, जिला मराठीत हरकी किंवा अडकई असेही म्हणतात, ही पश्चिम घाटाला अपरिचित वनस्पती नाही. सर्पदंशावर व उन्मादावर तिच्या मुळीचा वापर देशात पूर्वापार होता. बिहारमध्ये तर ती 'पागल की दवा' याच नावाने बाजारात मिळे. आधुनिक अर्थाने तिची पहिली महत्त्वाची वैद्यकीय नोंद १९३१ साली झाली. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध करून ही मुळी वेड व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर उपयुक्त असल्याचे मांडले. वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोनदा दिले असता रुग्ण शांत होतो, रक्तदाब उतरतो आणि बहुधा आठवड्याभरात रुग्ण भानावर येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली व एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. १९३३ साली रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या औषधी गुणांची प्रयोगशाळेत परीक्षा केली.

आज ज्यांना मनोविकृतीविरोधी औषधे म्हटले जाते, त्यांच्या युगाच्या वीस वर्षे आधी भारतात असे औषध रुग्णांवर तपासले गेले होते. मग जगाने त्याची दखल का घेतली नाही? वसाहतवादी उपेक्षा हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे, पण ते पुरेसे नाही. सेन-बोस यांच्या निबंधात औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती. मुळीच्या प्रत्येक खेपेत गुण सारखाच असेल याची शाश्वती नव्हती. तिच्यातील नेमके कोणते द्रव्य मनावर परिणाम करते हेही ठरले नव्हते. आणि रुग्णालये? भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या, म्हणजे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण सुमारे तीनशे लोकांमागे एक होते. अशा गर्दीच्या रुग्णालयांत काटेकोर नोंदी ठेवून चाचणी करणे कोणाला शक्य होते?

मुंबई, बडोदे, न्यूयॉर्क

कथेतील मुंबईचा टप्पा १९४९ चा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा वृत्तान्त 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. वकील यांचा विषय मन नव्हता, रक्तदाब होता. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले ते या लेखामुळे. बाझेलच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी १९५२ साली तिच्यातून रिसर्पीन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले.

मनोविकाराकडे ती परत वळली तीही तत्कालीन मुंबई राज्यातूनच. अहमदाबादचे आर. ए. हकीम यांनी १९५३ साली बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत मनोविकारांवरील देशी औषधांविषयी निबंध वाचला. त्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि रॉकलंड स्टेट हॉस्पिटलचे नेथन क्लाइन यांचे तिकडे लक्ष गेले. क्लाइन यांनी आपल्या रुग्णालयातील शेकडो रुग्णांना ही औषधी देऊन १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णालयातील फुटक्या काचा बदलणाऱ्या कारागिराचे काम एकाएकी कमी झाले, ही त्या चाचणीची पुढे प्रसिद्ध झालेली आठवण. काचांची मोजदाद हे शास्त्रीय प्रमाण नव्हे. पण वॉर्डात काय बदलले ते तिच्यावरून कळते. १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन दोघेही होते. सेन व बोस यांची नावे त्या यादीत नव्हती.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणजे वकील यांचा लेख आणि हे नगर एकाच वर्षाचे. पुढच्या दशकात या पट्ट्यातील वस्ती वाढत गेली, त्याच काळात वेडावर गोळी असू शकते ही कल्पना वैद्यकात रुजत होती.

तुलनेची रीत

रिसर्पीनचे राज्य मात्र अल्पकाळ टिकले. फ्रान्समध्ये डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझीन तयार झाले होते आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात देले व देनिकेर यांनी ते मनोरुग्णांवर वापरले. ते लवकर गुण देई. रिसर्पीनचा गुण येण्यास वेळ लागे, रक्तदाब फार उतरे आणि काही रुग्णांत खिन्नता येत असल्याच्या नोंदी होत होत्या. असे असूनही त्याचे ऋण मोठे आहे. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पीन देऊन निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. डोपामीनच्या कार्याविषयीची त्यांची मांडणी, जिच्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, या प्रयोगावर उभी आहे.

याच दशकात चाचणीची रीतही बदलली. बर्मिंगहॅममध्ये एल्क्स दांपत्याने १९५४ साली २७ जुनाट रुग्णांना आलटून पालटून क्लोरप्रोमाझीन व तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. कोणत्या वेळी काय दिले जात आहे हे निरीक्षकांस ठाऊक नव्हते. अमेरिकेत १९६४ साली नऊ रुग्णालयांत छिन्नमनस्कतेच्या ३४४ नवदाखल रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली. औषध घेतलेल्यांची सुधारणा निष्क्रिय गोळी घेतलेल्यांहून स्पष्टपणे अधिक होती. सेन-बोस यांच्या निबंधात जे नव्हते ते येथे होते. पण त्याची किंमतही होती : काही रुग्णांना तीव्र आजारात सहा आठवडे औषधाविना ठेवावे लागले. पूर्वी प्रभावी औषधच नव्हते, तेव्हा हा आक्षेप फारसा उद्भवत नसे. औषध हाती आल्यानंतर तो टाळता येत नाही.

हा आक्षेप भारतातही उपस्थित झाला. 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'ने २००५ साली भारतातील २९० रुग्णांवरील रिस्पेरिडोनच्या चाचणीचा वृत्तान्त छापला. आजार छिन्नमनस्कता नव्हता, तीव्र उन्माद होता; परंतु प्रश्न तोच. सिद्ध औषधे उपलब्ध असताना तीव्र आजारी रुग्णांच्या एका गटास निष्क्रिय गोळी का दिली, आणि अशा अवस्थेत घेतलेली संमती कितपत खरी, असे आक्षेप त्यावर घेतले गेले. त्याच वर्षी औषध नियमांच्या परिशिष्ट 'वाय'मधील दुरुस्तीमुळे परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात एकाच वेळी करण्याची वाट मोकळी झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाचे गांभीर्य कळते.

संमतीचा प्रश्न

१९१२ च्या लुनसी अॅक्टचा भर रुग्णास ताब्यात घेणे, दाखल करणे व सोडणे यांवर होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८१ ने प्रथमच बंधन घातले : संशोधनाचा रुग्णास थेट लाभ नसेल, तर त्याची किंवा तो असमर्थ असल्यास पालकाची लेखी संमती हवी. येथे 'थेट लाभ' हा अपवाद मोठा होता, कारण नवे औषध तपासणारा प्रत्येक वैद्य लाभाच्या आशेनेच ते देत असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९९ रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती मागते. तो संमती देऊ शकत नसेल, पण विरोधही करीत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची अनुमती व नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते. संमती केव्हाही मागे घेता येते.

विरोध न करणे म्हणजे काय, हे ठरविणे कठीण आहे. छिन्नमनस्कतेत मौन हेच कधी आजाराचे लक्षण असते. औषधाच्या गुंगीतील मौन वेगळे, आणि वॉर्डातील शिस्तीला सरावलेल्या माणसाचे मौन आणखी वेगळे. बदलापूरहून आलेला भाऊ प्रतिनिधी म्हणून सही करतो, तेव्हा नवे औषध फुकट मिळेल, रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा यावे लागणार नाही, हाही विचार त्याच्या मनात असू शकतो. त्यात त्याचा दोष नाही.

दुर्बल गटातील व्यक्तींवर नव्या रासायनिक द्रव्याची चाचणी करावयाची असल्यास संमतीच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण करणे २०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या नियमांनी बंधनकारक ठेवले आहे. १९३१ पासूनच्या या निबंधांत मात्रा, रक्तदाब, झोपेचे तास, आवरलेली हिंसा यांची नोंद आहे. रुग्ण काय म्हणाला हे क्वचितच आढळते. या मुद्रणात तो बोलतो, प्रश्न विचारतो किंवा गप्प राहतो, आणि ते जतन होते.