पॉम्पेईची ‘लक्ष्मी’, भोकरदनचे हस्तिदंत आणि छायाचित्राची मर्यादा

सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत ‘भोगवर्धन’ या नगराचे नाव येते. जालना जिल्ह्यातील, केळणा नदीकाठचे आजचे भोकरदन ते हेच. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. एस. बी. देव आणि आर. एस. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. (जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला, जुन्या ग्रंथांत हे स्थळ औरंगाबाद जिल्ह्यात शोधावे.) या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खंड मिळाला आणि भोकरदनचे नाव थेट इटलीशी जोडले गेले.

इटलीत त्याआधीच, 1938 मध्ये, अमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईच्या एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने हे शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीची. उंची सुमारे 25 सेंटिमीटर. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. भोकरदनचा खंड आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील हस्तिदंती मूर्ती या तिच्या जवळच्या बहिणी ठरतात. यावरून ‘पॉम्पेईची मूर्ती भोकरदनला घडली’ हे विधान आज सर्रास केले जाते.

या विधानामागे असते काय? एक मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात, दुसऱ्या दोन मराठवाड्याच्या मातीतल्या. तुलना करणाऱ्या बहुतेकांच्या हाती असतात ती छापील छायाचित्रे, आणि तीही समोरून घेतलेली. पॉम्पेईची मूर्ती मात्र चहूबाजूंनी कोरलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या दासींची तोंडे बाहेरच्या बाजूला आहेत. त्यांच्या हातांतील प्रसाधनपात्रे पाहायची तर मूर्ती फिरवावी लागते. केशरचना पाठीमागून पाहावी लागते. मस्तकावरून खाली गेलेले छिद्र वरूनच दिसते, आणि ही आरशाची मूठ होती की एखाद्या आसनाचा वा मेजाचा आधार, हा वाद त्या छिद्राभोवतीच फिरतो.

सर्वांत महत्त्वाची खूण तळाशी आहे. तेथे एक खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. सातवाहनांच्या दख्खनमध्ये ब्राह्मी चालत होती. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे 1937 ते 1939 या काळात सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंवरही खरोष्ठी खुणा आहेत. समोरची शैली दख्खनकडे बोट दाखवते, तर तळाचे अक्षर वायव्येकडे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एकाच छायाचित्रात यातली अर्धीच साक्ष येते. त्यामुळे भोकरदनचा दावा खोटा ठरत नाही. पण तो जितक्या ठामपणे केला जातो, तितका ठामपणा एका छायाचित्राच्या जोरावर येऊ शकत नाही.

ही अडचण छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. 1840 च्या दशकात फॉक्स टॅल्बटने पॅट्रोक्लसच्या अर्धपुतळ्याची दोन निरनिराळी छायाचित्रे आपल्या पुस्तकात दिली. पुतळा किंचित फिरवला वा प्रकाश बदलला की मुद्राच पालटते, हे त्याने ओळखले होते. उत्खनन अहवालांच्या काळात यात छपाईचे ठिपके मिसळले आणि उथळ रेघा त्यांत हरवल्या. कॅमेरा फार जवळ नेला तर पुढे आलेले भाग वाजवीपेक्षा मोठे दिसतात. ‘सारखेपणा’ कधी कधी केवळ समान प्रकाशाचा असतो!

आताची तंत्रे हे चित्र बदलतात. 2001 साली ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम मॅल्झबेंडर यांनी मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याची जागा बदलत अनेक छायाचित्रे घेतात. मग संगणकावर प्रकाश हवा तेथून पाडता येतो आणि हत्याराचे ओरखडे उठून दिसतात. फोटोग्रामेट्रीत उलट कॅमेरा मूर्तीभोवती फिरतो. एकमेकांवर चढणाऱ्या शेकडो छायाचित्रांतील समान बिंदू जुळवून त्रिमितीय प्रतिरूप तयार होते. सोबत मोजपट्टी नसेल तर मात्र आकार मिळतो, माप मिळत नाही.

हस्तिदंत या दोन्हींना सहज वश होत नाही. ते किंचित पारभासी असते: प्रकाश थोडा आत शिरून बाजूने बाहेर पडतो आणि बारीक कडा मऊ भासतात. घासून गुळगुळीत केलेल्या भागावरची चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते, तिलाच संगणक खरा बिंदू समजतो. यंत्रसामग्रीच्या स्कॅनिंगमध्ये अशा वेळी पृष्ठभागावर पांढरी पूड फवारतात. दोन हजार वर्षांच्या हस्तिदंताला तो उपाय चालणारा नाही. तेथे दिवा आणि भिंग या दोहोंवर ध्रुवीकरणाचे फिल्टर लावून चकाकी दाबावी लागते.

मूर्ती उभी ठेवून तिच्याभोवती कितीही फेऱ्या घातल्या तरी तळ कोऱ्याच राहतो. पॉम्पेईचे अक्षर नेमके तेथेच आहे. त्यासाठी मूर्ती आडवी करून छायाचित्रांची दुसरी मालिका घ्यावी लागते आणि दोन्ही प्रतिरूपे जुळवावी लागतात. भोकरदन, तेर आणि नेपल्स येथील मूर्तींची प्रतिरूपे एकाच मापाने शेजारी ठेवायची असतील, तर सुरुवात तळापासून करणे सोयीचे.