एका रुपयाचे 36 होतात का?

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सल्ला देणारी ईमेल-पत्रकं हल्ली रोज येऊन पडतात. त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. इन्स्टाग्रामचं खातं उद्या बंद पडलं तर ग्राहक गेले; ईमेल-पत्त्यांची यादी मात्र आपल्या हातात राहते. पत्र पाठवायला खर्च जवळजवळ नाही. म्हणून यादी फुगवा, आठवड्यातून तीनदा लिहा, एका रुपयाचे 36 होतील.

छोट्या विक्रेत्यांची अशीच पत्रं लिहून माझं घर चालतं. ईमेल कुचकामी आहे, असं मी म्हणणार नाही. पण हा 36 चा हिशेब मला मान्य नाही, आणि त्याच्या जोरावर दिलेला ‘वारंवार लिहा’ हा उपदेश तर घातक आहे.

हा आकडा मुख्यतः लिटमस या कंपनीच्या पाहणीतून पसरला. कंपनी ईमेल करणाऱ्यांना साधनं विकते, आणि पाहणीत उत्तरं दिली तीही ईमेलचं काम करणाऱ्यांनीच. कोणी खोटं बोललं असा माझा आरोप नाही. प्रश्न मोजण्याच्या रीतीचा आहे. पत्र गेल्यावर ठरावीक दिवसांत त्या ग्राहकाची ऑर्डर आली की सॉफ्टवेअर ती पत्राच्या खात्यावर जमा करतं. ते पत्र गेलंच नसतं तर ऑर्डर आली असती का, हे ते विचारत नाही.

समजा, फराळ विकणाऱ्याच्या यादीत 2000 नावं आहेत. दिवाळीच्या आधी चिठ्ठ्या टाकून 1000 जणांना पत्र पाठवलं, उरलेल्या 1000 जणांना नाही. पत्र मिळालेल्यांकडून 50 ऑर्डरी आल्या, न मिळालेल्यांकडून 42. सॉफ्टवेअर सांगेल पत्रानं 50 आणल्या. खरं तर आणल्या 8. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दिवाळीत फराळ लागणारच असतो. यादी लहान असेल तर एवढ्याशा फरकावरून काही ठरवता येणार नाही, ही शंका रास्त आहे. पण मग त्याच यादीवर 36 पटीचा दावाही करता येत नाही.

‘पण आमची पत्रं निम्मे लोक उघडतात,’ असं यावर उत्तर येतं. पत्र उघडल्याची नोंद होते ती त्यात दडवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका चित्रामुळे. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये खासगीपणाची सोय आली. ती चालू असली की ॲपलचा सर्व्हर चित्रं आधीच उतरवून ठेवतो. माणूस झोपलेला असतो आणि इकडे ‘पत्र उघडलं’ अशी नोंद होते.

ईमेलनं विक्री होते याचा जुना दाखला म्हणून गॅरी थर्क यांचं नाव हमखास पुढे येतं. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या या अधिकाऱ्यानं अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना न विचारता जाहिरात धाडली. त्यातून सव्वा कोटी डॉलरांहून जास्त विक्री झाली, असं ते पुढे सांगत.  पण त्या 400 जणांचे पत्ते छापील निर्देशिकेतून वेचलेले होते, आणि ज्यांच्या संस्था संगणक विकत घेत अशाच लोकांचे होते. या दाखल्यानं सिद्ध होतं ते निवडीचं मोल, वारंवारतेचं नव्हे. शिवाय तक्रारी झाल्या त्या एकाच पत्रावर.

वारंवारतेचं नुकसान मी जवळून पाहिलं आहे. कणकवलीच्या एक ताई कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला विकतात. आगळाची बाटली चौघांच्या घरात दोन महिने पुरते. एका सल्लागाराचं ऐकून त्यांनी आठवड्याला तीन पत्रं सुरू केली, म्हणजे एक बाटली संपेपर्यंत पंचवीसेक पत्रं. ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. सल्ला विकणाऱ्याला हे परवडतं, त्याची बाटली कधी संपायची नसते. ताईंच्या ग्राहकांनी मात्र ‘स्पॅम’चं बटण दाबलं. जाहिरात आणि ऑर्डरची पावती एकाच डोमेनवरून जात असल्यानं पावत्याही स्पॅममध्ये जाऊ लागल्या. पैसे भरलेली माणसं फोन करून विचारायची, ‘माल निघाला का?’

यादी आपली असली तरी दार दुसऱ्याचं आहे, हे पूर्वपक्ष विसरतो. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूनं या दारावर कडक पहारा बसवला आहे. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत हव्यात, म्हणजे हजारात तीनही जास्त झाल्या. जीमेलवर दिवसाला 5000 हून जास्त पत्रं धाडणाऱ्यांना तर एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावीच लागते. जो वाचक मुकाट निघून जातो त्यानं तक्रार केलेली नसते, म्हणून त्याची वाट मोकळी ठेवणं विक्रेत्याच्याच हिताचं आहे.

ताई आता दोन महिन्यांनी एकदा लिहितात. ‘पत्र नको असेल तर इथे दाबा’ ही ओळ मराठीत, अगदी वर. गेल्या पत्राला आलेल्या उत्तरांत एकीनं विचारलं होतं, आगळ फ्रीजबाहेर किती दिवस टिकतं? पुढचं पत्र त्यावरच आहे.

36 पटीचा दावा करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: येत्या दिवाळीला चिठ्ठ्या टाकून निम्मी यादी वगळा, आणि मग दोन्ही निम्म्यांचे आकडे शेजारी शेजारी छापा.