एका गायीपायी



२० मे २००३. अल्बर्टातल्या एका गायीला 'मॅड काऊ' झाल्याचं जाहीर झालं आणि अमेरिकेने लगेच सीमा बंद केली. पाठोपाठ जपान, मेक्सिको. मी तेव्हा कॅलगरीत होतो. "एका गायीने काय होणार?" असं वाटलं होतं.

पण कॅनडाची जिवंत गुरं विकली जायची ती जवळपास सगळी अमेरिकेत. सप्टेंबर २००३ पासून ३० महिन्यांखालच्या गुरांचं हाडाविना मांस जाऊ लागलं, जिवंत गुरं मात्र नाही. झालं! इथल्या मोजक्या कत्तलखान्यांपुढे गुरांची रांग, म्हणतील तो भाव. दुकानात मांस काही तेवढं उतरलं नाही. ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचा रँच होता. भाकड गायी बाजारात न्यायचा ट्रकखर्चही निघेना.

कॅनडाच्या लोकांनी हट्टाने जास्त बीफ खाल्लं, सरकारने मदत दिली. मार्च २००५ मध्ये उघडणारी सीमा मोंटानातल्या कोर्टाने अडवली. ती उघडली जुलैत, तीही ३० महिन्यांखालच्या गुरांपुरती. म्हाताऱ्या गायींना नोव्हेंबर २००७ पर्यंत थांबावं लागलं.

रोग एका गायीचा, पण मार बसला तो एकाच गिऱ्हाइकावर विसंबल्याचा. निर्यातबंदी सोसलेल्या आपल्या नाशिकच्या कांदेवाल्याला हे वेगळं सांगायला नको.