दोंदे, दिलीप

(२६ सप्टेंबर १९६७). शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय दर्यावर्दी व भारतीय नौदलातील निवृत्त कमांडर. जन्म अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे. नौदलात पाणबुड्या अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या नौकेतून त्यांनी मुंबई ते मुंबई अशी प्रदक्षिणा केली. ‘सागर परिक्रमा’ या नावाने ही मोहीम ओळखली जाते.

पार्श्वभूमी : एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम. त्याने १८९५–९८ मध्ये ‘स्प्रे’ या नौकेतून, वाटेत मुक्काम करत, हा प्रवास पुरा केला. कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा प्रथम केली ती ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने, १९६८–६९ मध्ये. त्याची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. नौका इथली असली, तरी त्यानंतर कित्येक वर्षे या यादीत एकाही भारतीयाचे नाव आले नाही. ही उणीव भरून काढण्याची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी (१९२७–२०१८) यांची. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे स्थायिक झाले होते. त्यांनी नौदलाकडे या मोहिमेचा पाठपुरावा केला. नौका भारतात बांधलेली आणि नाविक भारतीय असावा, असा त्यांचा आग्रह होता. दोंदे यांनी स्वेच्छेने ही जबाबदारी घेतली आणि २७ एप्रिल २००६ पासून ते तयारीला लागले. पुढची चार वर्षे या एकाच कामात गेली. महासागरी एकल प्रवासाचा अनुभव असलेले कोणी देशात नसल्याने त्यांनी इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे धडे घेतले.

नौका : गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव तिला मिळाले. आराखडा नेदरलँड्समधील व्हान डे स्टाट या संस्थेचा, ‘टोंगा ५६’ या जातीचा. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर काचतंतूचे थर. अशा जातीची, भर महासागरात टिकणारी नौका बांधण्याचा अनुभव तेव्हा इथे नव्हता. त्यामुळे आराखडा समजून घेण्यापासून डोलकाठी, दोरखंड आणि उपकरणे मिळवण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दोंदे स्वतः हजर असत. वाटेत काही मोडले तर दुरुस्त करणारा माणूस तेच एकटे असणार होते. म्हणून नौकेचा प्रत्येक सांधा माहीत असणे त्यांना भागच होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौका नौदलात दाखल झाली. मोठ्या प्रवासाआधी मॉरिशसपर्यंत चाचणी सफर झाली. तिची परतीची वाट दोंदे यांनी एकट्याने कापली.

मार्ग व प्रवास : प्रदक्षिणा मान्य होण्यासाठी प्रवास सुरू झाला त्याच बंदरात संपावा लागतो, विषुववृत्त किमान दोनदा आणि सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, कालव्यांचा आधार घेता येत नाही आणि अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरावे लागते. व्यवहारात याचा अर्थ ल्यूविन, हॉर्न आणि गुड होप या तिन्ही भूशिरांच्या दक्षिणेकडून जाणे. त्या अक्षांशांत वारा जवळजवळ सतत पश्चिमेकडून वाहतो, म्हणून नौका पश्चिमेकडून पूर्वेकडे हाकतात. मुंबईहून ऑगस्टमध्ये निघाल्यास सुरुवातीला नैर्ऋत्य मोसमी वारा समोरून येतो. पण केप हॉर्न दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात गाठता येते.

दोंदे यांनी चार ठिकाणी मुक्काम केला : फ्रिमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅन्ली (फॉकलंड बेटे) आणि केपटाउन. प्रत्येक ठिकाणी नौकेची डागडुजी आणि शिधा-पाण्याची भर होई. किनाऱ्यावरच्या मदतीची बाजू अभिलाष टॉमी या तरुण नौदल अधिकाऱ्याने सांभाळली. समुद्रात मात्र शिडे कमी-जास्त करणे, हवामानाचे अंदाज वाचून वाट ठरवणे, स्वयंपाक आणि पहारा ही सगळी कामे एकाच माणसाकडे. सुकाणू यंत्राच्या हवाली करता येते, पण जहाजांच्या वाटेवर डोळा लागून चालत नाही. त्यामुळे सलग झोप अशी नसतेच. ती तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागते. मोठ्या लाटांत चुलीवर भांडे ठेवायचे, तर तेही बांधून ठेवावे लागते.

१९ मे २०१० रोजी ‘म्हादेई’ मुंबईत परतली. २२ मे रोजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या उपस्थितीत दोंदे यांचे औपचारिक स्वागत झाले. जगात अशी प्रदक्षिणा पूर्ण केलेल्या मोजक्या जणांत त्यांची गणना झाली. त्यांना शौर्यचक्राने गौरवण्यात आले. मोहिमेची हकिकत त्यांनी ‘द फर्स्ट इंडियन’ (२०१४) या इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे.

नंतरचे कार्य : दोंदे यांच्या प्रवासातून देशात नौका, कारखाना आणि जाणकार माणसे उभी राहिली. पुढच्या मोहिमा या पायावर झाल्या. १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात टॉमी यांनी त्याच ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. या वेळी किनाऱ्यावरची बाजू दोंदे यांच्याकडे होती. त्यानंतर त्यांनी नौदलातील महिला अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा जणींनी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांची ‘तारिणी’ ही नौकाही दांडेकर यांच्याच कारखान्यातली. याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पुन्हा जगाला फेरी घातली. त्यांचे मार्गदर्शक टॉमी होते.