योगक्षेम : पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या अर्थव्यवहाराचा विचार

१

‘योगक्षेम’ हा शब्द मराठीत आज उदरनिर्वाह या एका अर्थाने रूढ झालेला आहे. मुळात तो द्वंद्व समास होय. जे प्राप्त नाही ते मिळविणे हा योग, आणि जे प्राप्त झाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम, असा त्याचा विग्रह शांकरभाष्यात केलेला आहे. अनन्य भक्ताचे हे दोन्ही भार परमेश्वर वाहतो, ही गीतेच्या नवव्या अध्यायातील ग्वाही कीर्तन-प्रवचनांच्या द्वारे महाराष्ट्रात घरोघर पोहोचली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या महाराष्ट्रीय ब्राह्मणांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, त्यांच्या मनातून ही ग्वाही पुसली गेली असण्याचा संभव नाही. तिच्या शेजारी मत्तयकृत शुभवर्तमानातील आकाशातील पाखरांचा आणि रानफुलांचा दृष्टांत येऊन बसला, इतकेच.

या विषयाचा शब्दसंग्रहही दुहेरी आहे. माधुकरी, दक्षिणा, वर्षासन, अयाचित हे शब्द जुन्या दानव्यवस्थेचे. अर्पण, दशमांश, कारभारी हे मराठी ख्रिस्ती मंडळीच्या व्यवहारातील. त्यांपैकी ‘कारभारी’ हा विशेष लक्षणीय आहे. मराठेशाहीच्या राजकारणात धन्याच्या वतीने दौलत सांभाळणारा तो कारभारी. बायबलाच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आल्यामुळे, द्रव्याचा धनी परमेश्वर व मनुष्य केवळ कारभारी, ही कल्पना मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण उरले नाही. कारभाऱ्यास मालकी नसते. पण हिशेब चुकत नाही.

देवावर भार टाकून प्रपंच चालविणे याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांच्या आधारे करावयाचा आहे. तिघांनीही उदंड दिले. तथापि देण्यापूर्वी येणारा योग आणि दिल्यानंतर उरणारा क्षेम कोणी सांभाळला, याकडे चरित्रकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

२

रमाबाईंच्या बाबतीत हा विचार धर्मांतरापासून आरंभ करून चालणार नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व श्रद्धाळू गृहस्थ होते. कुटुंबासह तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत ते हिंडत असत. श्रोत्यांनी जे पुढे ठेविले त्यावर निर्वाह करावा, त्यातूनही दानधर्म करावा, ही त्यांची रीत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाचे धान्यसंचयावरून चार वर्ग सांगितले आहेत; त्यांतील शेवटचा ‘अश्वस्तनिक’, म्हणजे उद्यापुरतेही न साठविणारा, अधिक श्रेष्ठ मानलेला आहे. अनंतशास्त्र्यांचे जीवन या आदर्शाच्या फार जवळ होते.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या आदर्शाची निर्दय परीक्षा घेतली. जवळचे द्रव्य दैवतांची अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने व दाने यांत संपले. शारीरिक श्रमाची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. १८७४ मध्ये अनंतशास्त्री निवर्तले. त्यांच्यामागून लवकरच पत्नी लक्ष्मीबाई आणि वडील कन्या कृष्णाबाई यांचाही अंत झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देशभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. या अनुभवांचे वर्णन रमाबाईंनी पुढे स्वतःच इंग्रजीत लिहून ठेविले आहे.

त्या लेखनातून एक गोष्ट दिसते. वडिलांच्या श्रद्धेचा उपहास रमाबाई करीत नाहीत. परंतु श्रमास हीन लेखणाऱ्या भरवशाने आपल्या माणसांचा बळी घेतला, हे त्या विसरल्या नाहीत. केडगावच्या संस्थेतील शेतीचे व विहिरींचे महत्त्व समजण्यास हा दुष्काळ प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

३

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे अभिवचन दिले. या द्रव्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले; पुढील वर्षी ते पुण्यास आले. असोसिएशन सांप्रदायिक नव्हती. सदनात धर्मप्रसार होऊ नये ही साहाय्यामागची अट होती. उच्चवर्णीय विधवांचे पालक त्यामुळेच मुली पाठविण्यास धजले. हे साहाय्य उदार होते यात शंका नाही. परंतु ते अटींचे होते.

१८९३ मध्ये या अटींवरूनच वाद पेटला. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात, त्यांच्यावर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप येऊन न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. द्रव्य देणाऱ्याची अट आणि पालकांचा विश्वास या दोहोंनी संस्थाचालकाचा धर्माचार बांधला जातो, हे रमाबाईंना त्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवास आले.

याच कालखंडात त्यांच्या वाचनात ब्रिस्टल येथील अनाथगृहाचे चालक जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) आणि १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन स्थापन करणारे हडसन टेलर यांची चरित्रे आली. म्युलर यांनी १८३६ पासून अनाथगृहे चालविली. कोणाही व्यक्तीजवळ द्रव्य मागावयाचे नाही, कर्ज काढावयाचे नाही, गरज देवाजवळ मांडावयाची, असा त्यांचा नेम होता. या पद्धतीचे अनुयायी खानदेशासही अपरिचित नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड व पूर्व खानदेशात, अकोला-भुसावळ या पट्ट्यात, काम करणारी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था याच प्रवाहातील होय. पश्चिम खानदेशात पुढे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनही आले.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० स्त्रिया आणि मुलींना त्यांनी आश्रयास आणले. त्यांच्यासाठी निश्चित उत्पन्न कोठलेच नव्हते. केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि १८९८ मध्ये तेथे ‘मुक्ति’ या नावाने संस्था उभी राहिली. त्याच वर्षी बोस्टनच्या अभिवचनाची मुदत संपली. शारदासदनासाठी अमेरिकेत नवे मंडळ स्थापन झाले. मुक्तीचा भार मात्र न मागता येणाऱ्या देणग्यांवर राहिला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दीड हजारांपलीकडे गेली.

एवढ्या माणसांचा योग प्रार्थनेवर सोडणाऱ्या रमाबाईंनी क्षेम मात्र कधीही दैवावर सोडला नाही. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम व शिवणकाम शिकविले, छापखाना उभा केला. ज्या श्रमाची लाज त्यांच्या वडिलांस वाटली, तो येथे नित्याचा धर्म झाला. ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनी बायबलाचे जे मराठी भाषांतर केले, तेही याच छापखान्यात आश्रित स्त्रियांच्या हातून जुळविले व छापले गेले. ते पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. म्युलर प्रतिवर्षी तपशीलवार अहवाल छापीत. मुक्तीतूनही ‘मुक्ति प्रेअर बेल’ हे इंग्रजी पत्र मित्रमंडळींकडे जात असे. गरज छापून कळविणे हेही मागणेच नव्हे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. शिवाय येणारे द्रव्य बहुतांशी परदेशीच होते. तरीपण भेद उरतो. अभिवचन दिलेल्या मंडळास जाब विचारण्याचा अधिकार असतो. विखुरलेल्या असंख्य दात्यांपैकी कोणा एकास तो राहत नाही. रमाबाईंना द्रव्यापासून मुक्ती नको होती, द्रव्याच्या धन्यांपासून हवी होती. छापील हिशेब हा त्या स्वातंत्र्याचा मोबदला होता.

४

टिळकांचा मार्ग निराळा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांची बहुतेक हयात गेली. मिशनचे वेतन नियमित येत असे; ते घरात राहत मात्र नसे. निराश्रित मुले, विद्यार्थी, वाटेने जाणारा गरजू यांत ते वाटले जाई.

या औदार्याचे खानदेशाशी जुळलेले उदाहरण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलास अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी नगरास नेले आणि पुत्रवत् सांभाळले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्यांचे स्थान बदलले नाही. ज्या काळी आश्रय व धर्मांतर यांचा संबंध जोडून मिशनांवर टीका होत असे, त्या काळी हे वागणे सूचक आहे. जळगाव-भुसावळ लोहमार्गावरील भादली स्थानकाशी ५ मे १९१८ रोजी बालकवींचा अपघाती अंत झाला. भुसावळजवळचे दीपनगर आज वीजकेंद्रामुळे ओळखले जाते. त्याच परिसरातील हे लहानसे स्थानक मराठी कवितेच्या इतिहासात या एका घटनेने राहिले आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात स्थान होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीपुढे, कर्जखतांचा आपला वाटा इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांची कथा नसेल असे म्हणवत नाही. परंतु या त्यागास केवळ वैराग्य म्हणणे अपुरे ठरेल. परदेशी मिशनच्या वेतनावर जगणारा एतद्देशीय उपदेशक श्रोत्यांच्या दृष्टीने चाकर ठरतो. भजन-कीर्तनाची भाषा ख्रिस्ती उपासनेत आणू पाहणाऱ्या टिळकांना अयाचित वृत्तीची प्रतिष्ठाही हवी होती. कारण महाराष्ट्र जिला साधू म्हणून ओळखतो ती व्यक्ती महिन्याच्या महिन्यास पगार घेत नसते.

५

या त्यागाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आत्मचरित्राचा नमुना म्हणून अभ्यासिले जाते. गृहस्थाश्रमाच्या अर्थकारणाचा दस्तऐवज म्हणूनही ते तितकेच मोलाचे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे विभक्त राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हाती पैसा कसा टिकत नसे, अवचित आलेल्या माणसांची पाने कशी वाढावी लागत, घरात आणलेल्या मुलांचे दुखणेबहाणे कोणी काढावे, हे त्यांच्या खेळकर निवेदनातून वारंवार येते. विनोदामुळे तक्रारीची धार बोथट होते. मजकूर तोच राहतो.

देणाऱ्याचे नाव चरित्रात येते. ज्या डब्यातून दिले तो पुन्हा भरणाऱ्याचे नाव येत नाही. टिळकांच्या घरात योग परमेश्वरावर सोपविला होता. क्षेम लक्ष्मीबाईंवर येऊन पडला, तोही त्यांना न विचारता. तरीही त्यांस केवळ सोसणाऱ्या गृहिणी मानणे अन्यायाचे होईल. आश्रितांवर त्यांनी स्वतःच्या लेकरांसारखी माया केली, आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ बहुतांशी त्यांनीच पूर्ण केले. पतीच्या औदार्याला त्यांनी आपल्या श्रमाने खरे केले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

६

अनंतशास्त्री, रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या तीन संसारांत भरवशाची तीन रूपे दिसतात. पहिल्यात योग व क्षेम दोन्ही दैवावर राहिले आणि कुटुंब उपासमारीने गेले. तिसऱ्यात ते पती व पत्नी यांच्यात विभागले गेले. संसार तरला, पण एकीच्या कष्टांवर. केडगावी मात्र दोन्ही भार एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली होते. प्रार्थना करणारी बाई तीच, आणि विहिरीच्या खर्चाची नोंद ठेवणारीही तीच. केडगावची संस्था आज शंभराहून अधिक वर्षांनीही चालू आहे, याच्या अनेक कारणांत या गोष्टीची गणना करावयास हवी.

नव्या करारात पौल मासेदोनियातील मंडळ्यांची प्रशंसा करतो, ती दारिद्र्यात असता त्यांनी दिले म्हणून; परंतु गोळा झालेले द्रव्य यरुशलेमेस नेताना त्यावर कोणास आक्षेप घेता येऊ नये, म्हणून तो इतर विश्वासू बंधूंनाही सोबत पाठवितो. भरवसा आणि हिशेब यांत विरोध मानण्याची प्रथा मागाहूनची असावी. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात दात्यांची चरित्रे लिहिली गेली आहेत. कारभाऱ्यांची, आणि विशेषतः कारभारणींची, अद्याप लिहावयाची आहेत. मंडळ्यांची जमाखर्चाची कीर्दखतावणी, वसतिगृहांच्या कोठीच्या वह्या व घरगुती पत्रव्यवहार ही त्यासाठी लागणारी साधने होत. ती वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी अभ्यासकांच्या हाती येणे अगत्याचे आहे.